दोन मिनिटांची पेटी

एल्मर म्हातारा होता, वेडा नव्हता. त्याला वेडं ठरवलं ते आमच्या डॉक्टर सुप्रभाबाईंनी, आणि तेही हॉकीवरून!

खुबा मोडून तो मँचेस्टरच्या हॉस्पिटलात आला. नव्वदीचा अमेरिकन, बायको गेलेली. बरा झाल्यावर घरी सोडायचं की कायमचं केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात ठेवायचं, हे ठरवायचं होतं. सुप्रभाने विचारलं, "काम काय करायचात?"

"हॉकी खेळायचो. बर्फावर. पगार मिळायचा. मारामारी केली की दोन मिनिटं पेटीत बसवायचे," म्हातारा खूश होऊन म्हणाला.

झालं! सुप्रभा नागपूरची, वडील रेल्वेच्या टीममधून हॉकी खेळलेले. हॉकी तिला शिकवणार कोण? "हॉकी गवतावर खेळतात, एल्मर," ती रोज लहान मुलाला समजवावं तसं समजवायची. वॉर्डातल्या बाकी डॉक्टर-सिस्टरांना एवढंच सांगितलं, "भ्रम आहे, एकटे राहू शकणार नाहीत." झाली त्याची रवानगी केअर होममध्ये. तो नेमकं काय बोलतो ते सांगितलं असतं, तर एखाद्या सिस्टरने तरी कपाळावर हात मारला असता.

अहो, मिनेसोटाच्या गोठलेल्या तळ्यावर शिकलेला पोरगा तो! शिकागोत पगारी खेळला, पुढचे दात तिथेच गमावले. छत्तीस साली इंग्लंडमधल्या एका टीमने बोलावलं, इथली एडना आवडली, राहिला. गुडघे गेल्यावर बर्फाच्या रिंकवर पोरांच्या स्केट्सच्या पात्यांना धार लावत बसायचा. पण हे ऐकायला बाई थांबल्या कुठे?

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत, हिवाळी ऑलिंपिक चालू असताना, तिच्या नवऱ्याने, शशिधरने, टीव्ही लावला. बर्फावर काठ्या घेतलेले धिप्पाड गडी. एकाने दुसऱ्याला आपटलं, शिट्टी वाजली, आणि आपटणाऱ्याला काचेच्या पेटीत नेऊन बसवलं.

"दोन मिनिटं शिक्षा. हॉकीच आहे गं ही," शशिधर म्हणाला.

सुप्रभाने हातातला घास ताटात ठेवला. अरे देवा, मी काय करून बसले! एक प्रश्न जास्त विचारला असता तर काय झिजले असते मी?

दुसऱ्या दिवशी ती केअर होममध्ये पोचली. तोवर एल्मरचं कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं भाड्याचं घर दुसऱ्या कुणाला गेलं होतं. तो खिडकीशी बसला होता, पार वाळलेला. तिला बघताच ताठ झाला. "एल्मर, माझं चुकलं," हे शब्द तिच्या ओठांवर होते, पण त्याने तिला बोलूच दिलं नाही. पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसा घाईघाईने म्हणाला,

"गवतावर, डॉक्टर. हॉकी गवतावर खेळतात. आता जाऊ ना घरी?"