काहिलीतलं पाणी आणि रंगुबाईंची बदकं

पाणी टाकून द्यायचं नसतं, हे रंगुबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात जन्मलेल्या लेकराला ते शिकवावं लागत नाही. इतर मुलखात बाया सकाळी शिळं पाणी ओततात आणि हंडे घासतात. इथे तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला जातं, अंघोळीचं पाणी शेवग्याला जातं, आणि उरलेलं पाणी उरू दिलं जातं. पाणी म्हणजे साक्षात नारायण. नारायणाला का कुणी उकिरड्यावर ओततं?

अशा गावात रंगुबाईंच्या परसात बदकं होती. तो उद्योग त्यांचे यजमान नानासो यांचा. फौजेत असताना त्यांनी आसामात घरोघरी बदकं पाहिली आणि निवृत्त होताना ती हौस बरोबर आणली. साताऱ्याहून पिलं आली. बंद पडलेल्या गुऱ्हाळातली, गूळ आटवायची लोखंडी काहील आली. ती परसात पुरली आणि तिचंच तळं झालं. हौस नानासोंची, पण माया रंगुबाईंची. एकुलती लेक सांगलीला नांदत होती. तिच्या वाट्याची 'लेकरा' ही हाक आता बदकांना मिळे.

रोज सकाळी रंगुबाई काहिलीत एक घागर ओतीत. जुन्यावर नवं, नव्यावर आणखी नवं. उपसून टाकणं त्यांच्या मनालाही शिवत नसे. पाणी हळूहळू हिरवं झालं, मग दाट झालं, मग त्याला वास सुटला. बदकांचे डोळे चिकटू लागले. पिसांवरचं तेल गेलं, अंगावरून पाणी ओघळून जाईना, आणि पाण्यातला जीव पाण्यानेच भिजून कुडकुडू लागला. एक बदकी गेली. रंगुबाईंनी तिला पदरात घेतलं आणि पहिला संशय मनात शिरला.

"आवं, कुणीतरी करणी केलीया माझ्या लेकरांवर."

"करणी करायला तुझ्या बदकांनी कुणाचं काय घोडं मारलंय?" नानासो म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी काहील कोरडी पडलेली सापडली. तळाशी फक्त चिखल. रंगुबाईंनी कपाळाला हात लावला आणि टँकरचं साठवलेलं पाणी डोळे मिटून ओतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आता पाणीचोर शोधायचा! आधी नानासोंची झडती झाली.

"तुमी म्हशीला पाजलं."

"म्हैस त्या पाण्याला तोंड लावंल व्हय? तिला काय इज्जत हाय का न्हाई?"

मग टँकरवाल्याकडे नजर वळली, मग गवळ्याकडे. देव्हाऱ्यापुढे हात जोडले असतानाही त्यांचा एक कान परसाकडे असे. अखेरीस नजर कुंपणापलीकडे जाऊन थांबली. तिथे धाकट्या जाऊबाई विजयमाला राहत होत्या, आणि त्यांच्या दारचं कागदी लिंबाचं झाड अशा कोरड्या दिवसांत हिरवंगार झालं होतं. दोघींमध्ये वाटणीपासून बोलणं जेवढ्यास तेवढं. संशयाला आणखी काय हवं!

एका दुपारी देवळात जाते असं मोठ्याने सांगून रंगुबाई निघाल्या आणि मागच्या बाजूने येऊन कडब्याच्या गंजीआड बसल्या. थोड्याच वेळात विजयमाला कुंपणाच्या फटीतून आल्या आणि बादली भरू लागल्या.

"घावलीस गं भवाने! माझ्या लेकरांचं पाणी चोरतीस?"

विजयमालांनी बादली खाली ठेवली नाही. "पाणी? ह्याला पाणी म्हनत्यात व्हय? आक्का, नाक न्हाई का तुमास्नी? माझ्या लिंबाला चालतंय म्हनून नेलं. तुमी तर त्यात लेकरं बुडवताय!"

"माझ्या लेकरांचं मी बघीन. तू पाय ठेवू नगंस हितं."

त्याच सांजेला फटीत बाभळीच्या फांद्या कोंबल्या गेल्या. नानासो बाजेवरून पाहत होते. "सेंट्री बसीव आता बंदूक घिऊन," एवढंच ते बोलले.

चोरी थांबली. काहील भरलेली राहिली. रंगुबाई समाधानाने घागरीवर घागर ओतू लागल्या. पण पाणी पुन्हा हिरवं झालं आणि पुन्हा दाटलं. एका पांढऱ्या बदकीचा डोळा मधल्या दिवसांत चांगला उघडला होता, तो पुन्हा मिटला. ती काठाशी मान घालून बसली, पाण्यात उतरेना. जी गेली तीही अशीच बसली होती.

रंगुबाईंचे हात थबकले. काहील लुटली जात होती, तेव्हा लेकरं बरी होती. काहील राखली, तेव्हा आजारी पडली. हे कसं? विजीचाच काही डाव असेल? त्यांनी तसा संशय घेऊन पाहिला, पण तो टिकेना. लूट झाली की त्या निरुपायाने सगळंच पाणी नवं भरीत. बदकं त्यात डोकी बुडवीत, डोळे धूत, पिसं साफ करीत. आपण ज्याला पुण्य समजून साठवलं, त्यातच आपली लेकरं खंगत होती.

पदर खोचून त्या कुंपणाशी गेल्या. बाभळीचे काटे हाताला लागले, तरी फांद्या ओढून काढल्या.

"विजे, बादली घिऊन ये."

विजयमाला दारात आल्या, पण उंबऱ्याच्या आतच थांबल्या. "आज एकदम माया कशी आली? काय कालवलंय त्यात?"

"काय बी न्हाई."

"काल भवानी, आज विजे? माझं लिंब वाळवायचा बेत न्हाई न्हवं?"

रंगुबाई काहिलीकडे वळल्या. त्यांनी स्वतः बादली भरली, कुंपण ओलांडलं आणि लिंबाच्या आळ्यात ओतली. मग दुसरी. विजयमाला झाडाकडे कमी आणि जावेच्या तोंडाकडे जास्त पाहत होत्या. तिसऱ्या बादलीला मात्र त्यांनी कडीला दुसऱ्या बाजूने हात घातला.

"हळू. माझ्या लुगड्यावर सांडू नगा," त्या म्हणाल्या.

दोघींनी काहील तळापर्यंत उपसली, नारळाच्या शेंडीने घासली आणि नवं पाणी भरलं. पांढरी बदकी काठावर आली, मान तिरकी करून एका उघड्या डोळ्याने पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि मग तिने आख्खं डोकं आत बुडवलं.