धावती की बैठी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे चष्मेमावशी म्हणतात. माझ्याहून वयाने लहान, तरी मीही मावशीच म्हणते. जिभेला धार, पण बोटं अशी की नाकावर चष्मा कधी बसला ते कळू नये. नवरा गेल्यावर डोळे तपासायचं रीतसर शिकल्या आणि पाटी स्वतःच्या नावाने रंगवून घेतली. एकुलती एक मुलगी, तिला सगळे मुंगी म्हणतात. ती यंदा बारावीला.

यंदा दोन प्रवेश परीक्षा एकाच रविवारी, एकाच वेळी ठेवल्या. कोणत्या शहाण्याने हे ठरवलं त्याला मी अजून शोधते आहे. आम्ही मोर्चेवाल्यांनी निवेदन दिलं, परीक्षेच्या कचेरीच्या दारात ठिय्या दिला, आत साहेबच नव्हते. असो.

एकीत ढीगभर लहान प्रश्न, नुसती घड्याळाशी शर्यत. तिच्यावर मिळतात ती इथलीच कॉलेजं, बसने जाऊन-येऊन करता येतील अशी. दुसरीत प्रश्न मोजके, पण एकेक असा की त्यात मुक्काम ठोकावा. तिची कॉलेजं लांब, म्हणजे वसतिगृह आलं. मुंगीने नावं पाडली होती, धावती आणि बैठी.

मावशींचं मन धावतीकडे. उघड बोलत नसत, फक्त ‘घरचं जेवण ते घरचं’ असं भिंतीला ऐकवत. मावशींनी विचारलं की मुंगीचं एकच उत्तर, “दोन्ही सारख्याच आहेत गं.”

मला राहवेना. म्हटलं, “सारख्या असतील तर चिठ्ठी टाका नि मोकळ्या व्हा.”

“चिठ्ठी टाकायला पोरगी काय सोडतीत लागलीय मला?” मावशी उसळल्या. “आणि तपासणीच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक दोन्ही काचा सारख्याच म्हणायला लागलं ना, की समजायचं, ते आता मला खूश करतंय.”

सुट्टीच्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांनी मुंगीला त्याच खुर्चीत बसवलं, पुढे फळी टाकली आणि दोन्ही परीक्षांचे सरावाचे पेपर एकामागून एक सोडवायला लावले. मी चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला गेले होते, तिथेच बसून राहिले. मावशी फ्रेमा पुसत होत्या, निदान तसं दाखवत होत्या.

उत्तरं ताडून पाहिली. धावतीत मार्क झकास. बैठीतले शेवटचे दोन प्रश्न कोरे. मी म्हटलं, लागला निकाल. मुंगीही लगेच म्हणाली, “धावतीच देते, आई.”

मावशींना हवं ते आयतं हातात आलं होतं. पण त्या एकच काच पुसत राहिल्या.

“धावती सोडवताना तुझं नाक कागदाला टेकलं होतं,” शेवटी म्हणाल्या.

“मग? बरोबर तर आलंय सगळं.”

“मान पुढे काढून तक्ता वाचला ना कुणी, तर अक्षरं बरोबर आली तरी ती काच मी देत नाही. ओढूनताणून वाचलेलं असतं ते. घरी जाऊन डोकं धरून बसतो माणूस. बैठीला तू पाठ टेकलीस. पाय हलवत होतीस. मी चहा विचारला दोनदा, ओ दिली नाहीस.”

“दोन प्रश्न राहिले त्याचं काय?”

“सराव कर. अजून वेळ आहे.”

मुंगी फळीकडे बघत बोलली, “तू एकटी पडशील.”

“एकटी? दिवसभर माझ्यासमोर माणसं डोळे फाडून बसलेली असतात.”

मुंगी हसली, आणि हसता हसता हाताला लागलेल्या कपड्याने डोळे पुसायला लागली.

“काचा पुसायचा कपडा आहे तो. धुऊन ठेव,” मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. स्क्रू पिळता पिळता हळूच विचारलं, “ताई, तुमची मोर्चेवाली मंडळी सगळीकडे असतात ना? तिकडे कुणाला तरी विचारा. वसतिगृहात पाणी वेळेवर येतं का, आणि रात्री दाराशी कोण असतं.”

“अहो, अजून परीक्षा व्हायचीय.”

“विचारायला काय परीक्षा द्यावी लागते?”

मी तिथूनच फोन लावला.