माळाला सावली नको

सोलापूरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आईला काळजी पडली ती पाण्याची. मला मात्र हिरव्या रंगाची. मी कोकणातली. आमच्या मागच्या दारी पाऊल टाकलं की ओहोळ, खेकडे, शेवाळ, फणसावरचे मुंगळे. परिसंस्था हा शब्द शिकायला तिथं पुस्तक उघडावं लागलं नसतं. इथं शाळा शहराच्या कडेला, मोहोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वर्गाच्या खिडकीतून दिसायचा तो उघडाबोडका माळ आणि त्याच्या पार टोकाला चिंचोळीच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं.

पहिली काही वर्षं मी त्या माळाकडे पाठ करूनच नववीला शिकवलं. फळ्यावर गवत काढायचं, मग नाकतोडा, बेडूक, साप, शेवटी घार. मुलं तसंच्या तसं उतरवून घ्यायची. सगळ्यांच्या वहीतला साप डावीकडे बघायचा, कारण माझा साप डावीकडे बघायचा. परीक्षेत गुणही चांगले पडायचे.

मग एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एका मुलीनं हात वर केला. उंच, काटक, खो-खोच्या संघातली. वडील चिंचोळीला कारखान्यात, आई शेतात. तिचा आवाज मैदानावरचाच, वर्गातही तो खाली यायचा नाही.

"मॅडम, ह्यातलं तुमी काय काय बघितलंय?"

"सगळं बघितलंय. आमच्या गावाला."

"आन् हितं?"

वर्ग हसला. ती हसली नाही, तिला खरंच विचारायचं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हटलं, "शनिवारी जाऊ या."

शनिवारी सकाळची शाळा असते. उन्हं चढायच्या आत आम्ही माळावर पोचलो. निम्म्या वर्गाला ती सहल वाटली, उरलेल्यांना शिक्षा. "हितं काय न्हाय की मॅडम," असं चारी बाजूंनी ऐकू येत होतं, आणि मनातून मलाही तेच वाटत होतं. मी सुतळी आणि खुंट्या नेल्या होत्या. प्रत्येक गटानं जमिनीवर हातभर लांबीरुंदीचा चौकोन आखायचा, त्याच्याभोवती बसायचं आणि आत जे जे असेल ते नोंदवायचं, एवढंच काम.

पहिली दहा मिनिटं नुसता गलका. मग हळूहळू आवाज कमी होत गेला. मुलांचा गलका रागावून थांबवणं वेगळं आणि तो आपोआप थांबणं वेगळं. मी गटागटांतून फिरू लागले. गवत म्हणजे एकच गवत नव्हतं. कुसळीचं गवत होतं, ते सलवारीत, मोज्यांत घुसून टोचत होतं. एक आखूड आणि मऊ, एकाची काडी तांबूस. मुंग्यांनी बिळाभोवती बियांच्या टरफलांचा गोल ढीग रचला होता. कोरड्या लेंडीखाली किडे. दोन काड्यांमध्ये ताणलेलं जाळं आणि त्यात गवताच्याच रंगाचा कोळी. तो तिथं आहे की नाही यावर दोन मुलींचं भांडण चाललं होतं.

खो-खोवाली मुलगी पोटावर पालथी पडून बघत होती. "मॅडम, आमच्या चौकोनात साप न्हाय, घार न्हाय, पन गवत खानारं आन् त्याला खानारं हाय," ती म्हणाली. आणि त्याच वेळी डोक्यावरून खरंच एक घार गेली. सगळ्यांनी माना वर केल्या. मला वाटतं, त्या वर्षी ऊर्जेचा प्रवाह तिथंच शिकवून झाला. नंतर वर्गात मी फक्त त्याला शब्द दिले.

मग आम्ही वरचेवर जाऊ लागलो. माघात माळ पार पिवळा पडला, मग करडा. मी पिवळ्यातले रंग ओळखायला शिकले. कोकणात मला हिरव्याचे दहा प्रकार सांगता यायचे; इथं मातीचे आणि वाळक्या काडीचे सांगता येऊ लागले.

जूनमध्ये शाळा उघडली. माझी मुलं दहावीत गेली होती. पहिल्याच आठवड्यात सूचना निघाली: पाऊस पडला की शाळेमागच्या माळावर वृक्षारोपण. रोपं मिळणार, पाहुणे येणार, खड्डे मुलांनी खणायचे. स्टाफरूममध्ये सगळ्यांना आनंद झाला. मला झाला नाही, पण झाडं लावू नका असं विज्ञानाच्या शिक्षिकेनं कसं म्हणायचं, तेच कळेना.

तेवढ्यात खो-खोवाली मुलगी मधल्या सुट्टीत धापा टाकत आली. घरून येताना ती माळातूनच येते. "मॅडम, एक टिटवी हाय. माझ्यापुढं पंख मोडल्यावानी फडफडत पळाली. मी मागं गेले तर उडून गेली की! नाटक करती."

"म्हणजे जवळपास घरटं असणार."

आम्ही गेलो. माळटिटवी होती, चोचीजवळ पिवळी झालर असलेली. बरोबरच्या एका मुलीनं कानांवर हात ठेवले. टिटवी ओरडली की घरात वाईट होतं, असं तिच्या आजीनं सांगितलेलं. घरटं शोधायला फार वेळ लागला, कारण घरटं असं काही नव्हतंच. खड्यांमध्ये एक उथळ खळगा आणि त्यात खड्यांसारखीच ठिपक्यांची अंडी. खड्डे कुठं खणायचे त्याच्या चुन्याच्या खुणा अगदी जवळून गेल्या होत्या.

मुलीनं एकदा खुणांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "चला की सरांकडं," ती म्हणाली.

आमचे मुख्याध्यापक अक्कलकोटच्या बाजूचे. घरी कानडी, शाळेत शुद्ध मराठी. रागावले की आधी कानडीत पुटपुटायचे. माणूस सज्जन. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे, इथले पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, झाडं वाढली की ते जातात, असं मी सांगत होते. ते चष्मा पुसत राहिले.

"मॅडम, तुम्ही कोकणातल्या," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला सावली फुकट मिळाली. मी चैत्रात अनवाणी शाळेला जायचो. वाटेत एक झाड होतं, एकच. त्याच्या आधी पाय भाजायचे आणि त्याच्यानंतर पाय भाजायचे. तेव्हा ठरवलं होतं, आपण कुठं असू तिथं झाडं लावायची. आता तुम्ही मला सांगताय, गवत राहू द्या म्हणून."

पुस्तकातलं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्या भाजलेल्या पायांपुढे ठेवण्यासारखं नव्हतं. बोलली ती मुलगीच.

"सर, सावली आमाला पायजे. माळाला नको. आमी यष्टीची वाट बघत उन्हात उभं ऱ्हातो, तितं लावा की. मैदानाच्या कडंला लावा. पळून आलं की बसायला जागा न्हाय आमाला."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "दाखवा मला ते घरटं."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते आमच्याबरोबर आले. पॅन्टला कुसळं चिकटत होती, ती उपटत चालत होते. टिटवीनं आरडाओरडा सुरू केला, मग ते पंखांचं नाटक. सर तिच्याकडे बघत पुढे निघाले तशी मुलगी ओरडली, "सर, थांबा! तितंच हाय!" अंडी त्यांच्या बुटापासून वीतभर लांब होती. ते वाकले. "कुठं? कुठं?" बोट दाखवूनही त्यांना दिसेनात. शेवटी दिसली तेव्हा ते कानडीत काहीतरी म्हणाले, पण या वेळी रागानं नाही. पाऊल मागे घेताना त्यांनी माझा खांदा धरला, इतकं जपून घेतलं.

वृक्षारोपण झालं. कडुनिंब आणि करंज लागले मैदानाच्या कडेनं आणि यष्टीच्या थांब्याजवळ. पाहुण्यांपैकी एकानं विचारलंच, "एवढी मोकळी जागा सोडून कडेकडेनं काय लावताय सर?" सर म्हणाले, "ती जागा मोकळी नाही साहेब." पाहुण्यांना वाटलं, जागेचा काही वाद असेल. त्यांनी विषय वाढवला नाही. मी तोंडावर पदर धरला.

अंड्यांचं काय झालं, ते आम्हाला नक्की कळलं नाही. एका सकाळी खळगा रिकामा होता. पिल्लं बाहेर पडली की लगेच चालू लागतात, हे मी मुलांना सांगितलं. मुंगूस, कावळा, मोकाट कुत्री, यांतलं कुणीही आलेलं असू शकतं, हेही सांगितलं. मुलांना पहिलंच ऐकायचं होतं. "नक्की काय ते सांगा की मॅडम," असा हट्ट चालला. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणणं मला जड गेलं आणि मुलांना ऐकणं. पण पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा बघायला गेलो.

ही सगळी काही फार वर्षांपूर्वीची गोष्ट नाही. सर निवृत्त होऊन गावी गेले. माळाच्या एका अंगाला आता प्लॉटचे दगड रोवले गेलेत. ती जमीन शाळेची नव्हतीच, तिथं आमचं काही चालणारं नव्हतं. उरलेल्या तुकड्यावर मी अजून नववीला नेते. दरवर्षी चौकोनात काही सापडतं, काही सापडायचं राहतं.

ती मुलगी कॉलेजात आहे. विज्ञान घेतलं नाही, कॉमर्स घेतलं. ऐकून मी थोडी हिरमुसले होते, खोटं कशाला बोलू. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. मंगळवेढ्याला मावशीकडे हुरड्याला गेली होती. फोनमध्ये वाऱ्याचा आवाज भरला होता.

"मॅडम, ज्वारीवरनं एक पक्षी चाललाय. घारीवानी हाय, पन घार न्हाय. लई खाली उडतोय, कणसांना घासून गेल्यासारखा. मधीच थांबतोय, पुन्यांदा मागं येतोय. काय असंल?"

"भोवत्या असेल, हिवाळ्यात येतो तो. शेपटीच्या मुळाशी पांढरं आहे का?"

"थांबा, वळू दे त्याला."

मी थांबले. पलीकडे कुणीतरी तिला हुरडा गार होतोय म्हणून हाक मारत होतं. ती त्यांना म्हणाली, "आले, आले," आणि तशीच उभी राहिली असावी, कारण पावलांचा आवाज आला नाही.