तुळशीरामशेठची सर्दी

सुकापुरात कुणी शेठ म्हणून जन्माला येत नाही. शेतावर सात मजली इमारत उभी राहिली की शेताचा मालक आपोआप शेठ होतो. तुळशीराम घरत वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी असेच शेठ झाले. त्याआधी ते भात लावत, कोंबड्या पाळत आणि लोक त्यांना ‘ए तुळश्या’ अशी हाक मारत.

शेठ झालेल्या माणसाने काय काय करायचं हे ठरलेलं असतं. पांढरी गाडी, मुलाच्या हळदीला डीजे, वाढदिवसाला चौकात बॅनर. तुळशीरामशेठनी ते सगळं यथासांग केलं आणि मग त्यांना कंटाळा आला. वेळ जावा म्हणून ते आपल्याच जमिनीवरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जे असेल त्या कार्यक्रमाला जाऊन बसू लागले. एकदा तर ‘महिलांमधील हाडांचे विकार’ हे व्याख्यान त्यांनी शेवटपर्यंत, मान डोलवत ऐकलं.

त्याच हॉलमध्ये त्यांना प्रभाकर दातार भेटले. दातार बँकेतून निवृत्त झालेले, बी विंगमधले, आणि कडवे निसर्गप्रेमी. निसर्गावर त्यांचं इतकं प्रेम की गेटजवळचं उंबराचं झाड पार्किंगला आडवं आलं, तेव्हा ते तोडायच्या अर्जावर त्यांनी जड अंतःकरणाने सही केली. पहिलीच. त्या संध्याकाळी त्यांचा विषय होता ‘आफ्रिकेतले आपले भाऊबंद’. भाऊबंद म्हटल्यावर शेठना आधी सातबारा आठवला. पण पडद्यावर दिसला तो एक म्हातारा गोरिला. पाठ पांढरी झालेली, हात गुडघ्यांवर टाकलेले, नजर कुठेच नाही. शेठचे वडील मिठागरावरून आले की उंबऱ्यात असेच बसत. शेठना भर हॉलमध्ये गहिवरून आलं. जगात असे हजारभरच उरलेत, असं दातार म्हणाले. युगांडातल्या राखीव जंगलात जाऊन त्यांना बघता येतं, आठ जणांचा ग्रुप लागतो, सात झालेत. शेठनी हात वर केला.

घरी बायकोने, मालूने, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाप जिता व्हता तवा तुमी त्याच्याजवल बसलाव नाय, आन आता माकराला बगाया इमानान चाललाव!”

“माकर नाय, गोरिला हाय,” शेठ म्हणाले. बाकीचं खरं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मुलाने, प्रणितने, चौकात बॅनर लावला. ‘सुकापूरचे भूषण, गोरिलामित्र तुळशीरामशेठ यांना युगांडा दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा’. खाली बावीस शुभेच्छुकांचे चेहरे, एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला गोरिला. गोरिलाला तेवढा गॉगल नव्हता. म्हणजे काहीही न बघता शेठ गोरिलामित्र झालेच होते. आता फक्त गोरिला बघणं उरलं होतं.

विमानात शेठ आणि दातार शेजारी शेजारी बसले आणि थंडगार हवेने दोघांचीही नाकं एकदमच गळायला लागली. जंगलात जायच्या दिवशी सकाळी नाश्त्याला दातारांनी चार वेळा नाक शिंकरलं, एक गोळी घेतली आणि पाकीट शेठपुढे सरकवलं.

“घ्या शेठ. तीन-चार तास नाकाची कटकट नाही. गेटवर विचारतात, बरं नाही का म्हणून. आपण नो म्हणायचं.”

“पन तुमीच सांगितलांत ना, आपली सर्दी त्यांना लागली तर मरतान म्हनून?”

“अहो, ते जनरल झालं. आणि मास्क असतो ना! एवढ्या लांब काय गेट बघायला आलोय?”

शेठनी गोळी खिशात टाकली.

गेटवर हिरव्या गणवेशातला वनरक्षक प्रत्येकासमोर उभा राहून विचारत होता. इंग्रजी न कळणाऱ्यांसाठी तो स्वतःच्या नाकाला हात लावून, खोटं खोटं खोकून दाखवी. शेठच्या डोळ्यांपुढे त्यांची जुनी पोल्ट्री आली. आठशे कोंबड्या होत्या. एक व्यापारी दुसऱ्या शेडमधून आला आणि पाय न धुता हसत हसत आत शिरला. त्या शेडमध्ये मानमोडीची साथ आहे हे त्याला माहीत होतं. त्याने सांगितलं नाही, एवढंच. आठवड्यात शेठची शेड रिकामी झाली होती. वनरक्षक समोर आला तेव्हा शेठनी आपल्या नाकाला हात लावला आणि म्हणाले, “येस.”

वनरक्षकाने छातीवर हात ठेवून मान लववली आणि तो दातारांकडे वळला.

“नो, नो. परफेक्टली फाइन,” दातार म्हणाले, आणि त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठनी आपल्या बुटांकडे पाहिलं. शिकल्यासवरल्या माणसाला परमुलखात चारचौघांत उघडं पाडायचं नसतं, असे त्यांचे संस्कार होते.

सात जण आत गेले. शेठ पाच तास बाकावर बसून राहिले. समोर डोंगरच्या डोंगर हिरवे होते आणि त्यातल्या कुठल्या तरी झाडाखाली तो म्हातारा बसला असेल, या विचाराने त्यांना रडू येत होतं. नाक तर आधीच वाहत होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

परत आल्यावर प्रणित म्हणाला, “पप्पा, कुनाला बोलू नका. मी फोटो बनवून घेतो, तुमी आन गोरिला बाजूबाजूला.” शेठ ऐकेनात. हॉलमधल्या सत्कारात त्यांनी माइकवर सांगून टाकलं, “मना सर्दी व्हती. मी आत नाय गेलो.” गाव पोट धरून हसलं. लग्नाला गेला आणि मांडवाबाहेरून परत आला, असं महिनाभर चाललं. दातारांनी मात्र भाषणात त्यांना पूर्ण एक मिनिट दिलं. “असा प्रामाणिकपणा आज दुर्मिळ आहे,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. शेठ लाजले, आणि खरं सांगायचं तर थोडे फुगलेही.

नंतर एके सकाळी ग्रुपवर जंगलातून निरोप आला. त्या सात जणांनी पाहिलेलं गोरिलांचं कुटुंब पर्यटकांसाठी बंद केलं आहे. सगळे खोकताहेत. एक पिल्लू दगावलं. आजार कुठून आला ते सांगता येत नाही, माणसं रोजच येतात. दातारांनी त्या पिल्लाचा स्वतः काढलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘निसर्गापुढे आपण कोण? ओम शांती.’ पाच जणांनी हात जोडले.

प्रणितने तो निरोप शेठना मोठ्याने वाचून दाखवला. “बरा झाला पप्पा, तुमी खरा बोललाव,” तो म्हणाला. “आता हसू दे कोनाला हसायचा तो.”

शेठनी त्याच्या हातातला फोन घेतला आणि पिल्लाचा फोटो बोटांनी मोठा केला.

“मी माझीच सर्दी सांगितली रं,” ते म्हणाले. “दातारांची पन मना म्हाईत व्हती.”