अर्थासहित शिव्या

"वा त फेर क्वीर अँनफ!" सांता क्लारातला तो म्हातारा फ्रेंच बेकर असा गरजला की, शप्पथ, शोकेसमधले एक्लेअर टुणकन उडाले. मी इतकंच विचारलं होतं, "केक एगलेस मिळेल?" मावशींची पंचाहत्तरी होती आणि त्या अंडं खात नाहीत.

शिवी दिली की अर्थ सांगायचा, हा त्याचा नेम. आजवर मी लोणच्यातली काकडी झालोय, सॉसेज झालोय. आताही पिठाळ बोट वर करून तो म्हणाला, "म्हणजे, जा, स्वतःसाठी अंडं शिजव. थोडक्यात, चालता हो! अर्थ न सांगता शिवी देणं असभ्यपणाचं."

काय थाट! मी रिकाम्या हातांनी, पण नाचतच गाडीत आलो आणि मावशींना सगळं साभिनय ऐकवलं.

मावशी म्हणाल्या, "अंडं चालत नाही, हे नीट सांगितलंस ना त्याला?"