कोरी राजकन्या

जळगावात रद्दीच्या दुकानात बसणारी एक अक्का चित्रांची जुनी पुस्तकं कधी तराजूत टाकत नसे. बोटं पदराला पुसून ती आधी ‘बठ्ठं’ पुस्तक, म्हणजे सगळंच्या सगळं, पान न् पान बघायची, मगच माझ्यासाठी बाजूला ठेवायची. मला लहान मुलांची जुनी पुस्तकं जमवायचा नाद. त्यांत राक्षस, चोर, नोकर ठरवून काळेकुट्ट, जाड ओठांचे; राजकन्या मात्र दुधासारखी गोरी. अक्का स्वतः काळीभोर, त्यामुळे तिच्यासमोर असं पान आलं की मी ओशाळून घाईघाईने उलटायचो.

एकदा तिने पानावर हातच ठेवला. राक्षस पाहिला, शेजारची राजकन्या पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

“बठ्ठा रंग राक्षसलेच लागी गया, भाऊ. हाई बिचारी कोरीच राहिनी!”