टाईमपासला विमा लागत नाही

माझा पोटचा मुलगा आहे म्हणूनच सांगते, रवींद्रइतका दीडशहाणा माणूस अख्ख्या ऑकलंडात शोधून सापडायचा नाही. ऑफिसात कम्प्युटर सांभाळतो आणि मराठी मंडळात गेला की लोकांना विम्यावर व्याख्यान झोडतो. कुठली पॉलिसी स्वस्त, कुठल्या प्रश्नाला नाही म्हणायचं, सगळं ह्याला पाठ. लोकही आ वासून ऐकतात. मी पुण्याहून येऊन ह्याच्याकडेच राहते, त्यामुळे मला ते घरबसल्या ऐकावं लागतं.

माझी सून सुलेखा खालच्या गॅरेजात शिवणकाम करते. शिवलेल्या नऊवाऱ्या, ब्लाउज, मुलींच्या नाचाचे कपडे. अस्तर आणि लेस इथल्या ओटाहुहू भागातल्या दुकानांतून स्वतः निवडून आणते. पार हॅमिल्टनहून बायका मापं द्यायला येतात. गणपतीच्या आधी तर तिला धड जेवायला फुरसत नसते. आणि आमचे चिरंजीव ह्याला काय म्हणायचे? सुलेखाचा टाईमपास! तेही पाहुण्यांसमोर, हसत हसत. ती बिचारी खाली जायची आणि मशीनवर बसायची.

मागे पॉलिसी नवी करताना विमा कंपनीच्या बाईने फोनवर विचारलं, घरातून काही व्यवसाय चालतो का? मी शेजारीच मटार सोलत बसले होते. छे, कसला व्यवसाय, म्हणाला हा. फोन ठेवून मला वर अक्कल शिकवतो, की बिझनेस म्हटलं की हे लोक हप्ता वाढवतात. पण खरं सांगू, नुसत्या हप्त्यासाठी नव्हतं ते. बायकोचं काम हे काम आहे, हे ह्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

इथे हिवाळा जून ते ऑगस्ट. यंदाच्या हिवाळ्यात, गणपती तोंडावर आलेले असताना, मागचा ओढा फुगला आणि गॅरेजात कमरेएवढं पाणी शिरलं. शिलाई मशीन, कडा शिवायचं ओव्हरलॉक, गिऱ्हाइकांच्या कोऱ्या साड्या, सगळं गाळात. सुलेखा एकेक साडी पिळून बाहेर दोरीवर टाकत होती. रवींद्र मात्र ऐटीत सांगत होता, आपल्या पॉलिसीत पूर आहे, काळजी करू नकोस.

पूर होता हो पॉलिसीत! सुलेखाच नव्हती. कंपनीचा माणूस आला, बोलायला शांत होता. त्याने नीट समजावलं. भिंती आणि दारं घराच्या पॉलिसीत येतात, कपाटं आणि वॉशिंग मशीन घरसामानाच्या. पण धंद्याची यंत्रं, माल, गिऱ्हाइकांच्या वस्तू ह्यांना वेगळा धंद्याचा विमा लागतो. काम बंद पडल्याची भरपाई हवी असेल तर तीही आधीच मागून घ्यावी लागते. मग त्याने दोरीवरच्या साड्यांकडे पाहून सुलेखाला विचारलं, हे सगळं घरगुती आहे की व्यवसायाचं?

त्या गोऱ्याला कळू नये म्हणून रवींद्र मराठीत पुटपुटला, "हॉबी आहे म्हण. टाईमपास. सगळं भरून मिळेल."

सुलेखाने हातातली ओली साडी खाली ठेवली नाही. "हा माझा बिझनेस आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "सगळाच्या सगळा."

मग हे आम्हाला का सांगितलं नाही, असं त्या माणसाने रवींद्रला विचारलं. मंडळातला मोठा वक्ता आपल्या पायातल्या चपलांकडे बघत उभा राहिला. मला काडीचीही दया आली नाही.

भिंतींचे पैसे मिळाले, मशीनचे नाहीत. बायकांच्या साड्या सुलेखा हळूहळू भरून देते आहे. कुणाचं तरी वापरलेलं मशीन मिळालं, त्यावर पुन्हा बसली. पहिलं काम तिने हे केलं, की धंद्याच्या विम्यासाठी स्वतः फोन लावला. धंद्यात आणखी कोणी भागीदार आहे का, असं पलीकडून विचारलं असावं. रवींद्रने लॅपटॉपवरून मान वर केली.

"नाही," सुलेखा म्हणाली. "घरात नवरा आहे, पण तो ह्यात नाही."